सांगाव्याची मालकी : मध्यरात्रीच्या मोडेम-टपालाचा इतिहास आणि आपण

तंत्रज्ञानाचा जो इतिहास आपल्यापुढे ठेवला जातो, तो बहुतेक वेळा कंपन्यांचा आणि सरकारी योजनांचा इतिहास असतो. पुण्यात सी-डॅक निघाली, परम संगणक झाला, १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने इंटरनेट जनतेला खुले केले, पुढे मोबाईल आला, स्वस्त डेटा आला. या यादीत सामान्य माणूस असतो तो फक्त ग्राहक म्हणून. सेवा आली आणि त्याने ती घेतली, एवढीच त्याची भूमिका!

पण या यादीच्या फटीत दहा-बारा वर्षांचा एक काळ दडला आहे. त्या काळात साध्या टेलिफोनच्या तारेवर, कुठल्याही कंपनीच्या दारात न जाता, लोकांनी स्वतःचे टपालखाते उभे केले होते. मध्यरात्री मालक झोपलेला असताना त्याच्या घरातला संगणक आपणहून फोन लावी, दुसऱ्या गावचा संगणक तो उचली, दोघे एकमेकांचे टपाल देत-घेत आणि फोन ठेवून देत. हे सगळे करून घेणारा एक छोटासा प्रोग्राम असे. त्याला 'मेलर' म्हणत. आजच्या तरुणाने त्याचे नावही ऐकलेले नसते.

आंबेडकरी तरुणांनी हा इतिहास का वाचावा? परंड्यासारख्या तालुक्याच्या गावाला त्याचे काय? आमचे उत्तर सरळ आहे. निरोप कोण वाहतो आणि निरोपाचा मालक कोण, हा प्रश्न आपल्यासाठी संगणकाच्या कितीतरी आधीचा आहे. या प्रश्नाची किंमत आपल्या पूर्वजांनी पायाने मोजलेली आहे.

पायी चालणारे टपाल

परंडा म्हटले की इतिहासाच्या पुस्तकात किल्ला येतो आणि विजापूरला नेलेली मुलूख मैदान तोफ येते. परंडा तेव्हाच्या निजामाच्या हैदराबाद संस्थानात. संस्थानाचे स्वतःचे टपालखाते होते, स्वतःची तिकिटे होती. पण गावगाड्याचे टपाल तिकिटावर चालत नव्हते. पाटलाचा हुकूम, चावडीचे बोलावणे, सरकारी कागद, वसुलीची रक्कम, अंमलदाराचे सामान आणि मयताचा सांगावा हे सारे वाहून नेण्याचे काम महारांच्या माथी होते. वेसकर असो की तराळ, रात्र असो की पाऊस, हाक आली की निघायचे. मोबदला म्हणून बलुत्याचे धान्य, भाकरी आणि वतनाच्या जमिनीचा तुकडा. त्या तुकड्याच्या दोरीने सगळे घर, सगळी भावकी गावाला बांधलेली.

यातली मेख नीट बघा. सांगावा नेणाऱ्याला सांगाव्यावर काहीही अधिकार नव्हता. त्याने स्वतःचा निरोप पाठवायचा नव्हता, नकार द्यायचा नव्हता, कागद वाचता येण्याइतकी अक्षरे शिकायची नव्हती. दळणवळणाचे सगळे जाळे ज्यांच्या पायांवर उभे होते, त्या जाळ्यात त्यांचा स्वतःचा एकही शब्द फिरत नव्हता. 'मूकनायक' हे नाव बाबासाहेबांनी उगाच निवडले नव्हते.

बाबासाहेबांनी १९ मार्च १९२८ रोजी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. फेब्रुवारी १९४१ मध्ये आजच्या धाराशिव जिल्ह्यातील कसबे तडवळे येथे महार-मांग वतनदार परिषद भरली, तिला ते स्वतः आले. फुकटच्या राबणुकीला 'वतन' असे मानाचे नाव दिले की गुलामाला गुलामीचा अभिमान वाटू लागतो, हे त्यांनी ओळखले होते. कनिष्ठ वतने कायद्याने नष्ट करणारा मुंबई राज्याचा कायदा व्हायला १९५८ साल उजाडले.

ही पार्श्वभूमी डोळ्यासमोर ठेवा आणि मग मोडेमच्या टपालाकडे या.

फिडो नावाचे कुत्रे

आधी बीबीएस म्हणजे काय ते समजून घेऊ. बुलेटिन बोर्ड सिस्टिम, म्हणजे संगणकावरचा सूचनाफलक. एक घरगुती संगणक, एक मोडेम, एक टेलिफोन. आपण आपल्या मोडेमने त्या क्रमांकावर फोन लावायचा, जोडणी झाली की फलकावरचे वाचायचे, आपले लिहायचे, फोन ठेवायचा. एका तारेवर एका वेळी एकच माणूस. चावडीवरच्या फळ्यासारखेच, फक्त हा फळा कुणाच्याही घरात असू शकतो, त्याला पाटलाची परवानगी लागत नाही.

अडचण एकच. प्रत्येक फळा एकटा होता. मुंबईच्या फळ्यावरचे बंगळूरच्या माणसाला वाचायचे तर त्याने मुंबईला ट्रंक कॉल किंवा एसटीडी लावायचा. ते परवडणार कुणाला?

अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्कोच्या टॉम जेनिंग्ज या तरुणाने १९८४ साली यावर तोड काढली. त्याच्या बीबीएस प्रोग्रामचे नाव होते 'फिडो'. तिकडे कुत्र्याला सर्रास दिले जाणारे हे नाव. इकडून-तिकडून सुटे भाग जोडून केलेल्या एका संगणकाला कुणीतरी गावठी कुत्रे म्हटले आणि नाव चिकटले. बाल्टिमोरचा जॉन मॅडिल दुसरा फिडो चालवत होता. जेनिंग्जने विचार केला : रात्री एक-दोन वाजता कुणी माणूस फोन करत नाही, तार रिकामी असते आणि फोनचे दरही उतरलेले असतात. मग त्या तासात संगणकानेच संगणकाला फोन का लावू नये? दिवसभर लोकांनी लिहिलेली पत्रे गठ्ठा बांधून ठेवायची आणि रात्री एका कॉलमध्ये पोहोचवायची.

यातून फिडोनेट जन्माला आले. १९८४ च्या ऑगस्टअखेर जवळपास ३० केंद्रे झाली, पुढच्या फेब्रुवारीत १५० च्या वर गेली आणि १९९०-२००० च्या दशकाच्या मध्यास जगभर ३० हजारांवर पोहोचली. ना भांडवलदार, ना सरकार, ना जाहिरात. हा जेनिंग्ज स्वतः अराजकवादी विचारांचा आणि उघडपणे समलिंगी. 'होमोकोअर' नावाचे नियतकालिक तो काढत असे. ज्याला प्रतिष्ठित समाजाने कडेला ठेवले होते, त्याने असे जाळे बांधले की ज्यात मधोमध कुणी मालकच नाही. हा योगायोग आहे असे आम्हाला वाटत नाही. कडेला उभा असलेल्यालाच मधल्या गादीचा धोका आधी दिसतो.

मेलर नेमके काय करी?

आता त्या छोट्या प्रोग्रामकडे. फ्रंटडोअर, बिंकलीटर्म, डी-ब्रिज, सीडॉग ही त्यांतली गाजलेली नावे. हा प्रोग्राम बीबीएसच्या पुढे, दारातल्या राखणदारासारखा बसे. फोन वाजला की तो उचलायचा आणि पलीकडे माणूस आहे की दुसरा मेलर आहे ते ओळखायचे. माणूस असेल तर त्याला आत बीबीएसकडे सोडायचे, मेलर असेल तर टपालाची देवाणघेवाण करायची.

दुसरे काम वेळापत्रकाचे. मेलरला 'इव्हेंट' लिहून देता येत. कुठल्या वारी, किती वाजता, कोणत्या केंद्राला, किती वेळा प्रयत्न करायचा, महागडे कॉल चालतील की नाही, हे सारे आधी ठरवून ठेवायचे. पत्रावर खूण करता येई. 'क्रॅश' म्हणजे ताबडतोब पाठव. 'होल्ड' म्हणजे ठेवून दे, ज्याचे आहे तो येऊन नेईल. आपण स्वतः फोन करून आपले टपाल विचारण्याला 'पोल' म्हणत. जगाच्या प्रत्येक विभागासाठी रात्रीचा एक तास राखून ठेवलेला असे. त्या तासात प्रत्येक केंद्राने माणसांसाठी दार बंद करून फक्त टपालासाठी तार मोकळी ठेवायची, हा सभासदत्वाचा नियम होता.

वेळ झाली की मेलर मोडेमला आज्ञा देई. आपल्याकडच्या जुन्या एक्स्चेंजांवर 'एटीडीपी' लिहून टकटक करणारे पल्स डायलिंग करावे लागे. तार व्यग्र असली की थोडे थांबून पुन्हा प्रयत्न. जोडणी झाली की पासवर्ड तपासायचा, दोन्हीकडचे गठ्ठे द्यायचे-घ्यायचे, फोन ठेवायचा. मग मेलर स्वतः बंद होई आणि जाताना एक आकडा मागे ठेवी. त्याला 'एरर-लेव्हल' म्हणत. डॉसमधली एक साधी बॅच फाईल तो आकडा वाचून पुढचे ठरवी : अमुक आकडा म्हणजे टपाल आले आहे, गठ्ठा सोड, पत्रे ज्याच्या-त्याच्या खणात टाक, तमुक आकडा म्हणजे बाहेर जाणारे टपाल बांध. काम संपले की पुन्हा मेलर सुरू. सकाळी मालक उठेपर्यंत सगळे जागच्या जागी.

यात वेगाचा हिशेब बघा. २४०० बीपीएसचा मोडेम सेकंदाला साधारण २४० अक्षरे पाठवी. म्हणजे २४०० अक्षरांचे एक पान १० सेकंदांत, मिनिटाला सहा पाने. गठ्ठा दाबून लहान केला की त्याहून जास्त. माणसाने फोनवर बसून एकेक पत्र टंकायचे म्हटले असते तर एका पानाला पंधरा मिनिटांचे बिल आले असते. खरखरणाऱ्या तारेवर जोडणी मध्येच तुटे. म्हणून चक फोर्सबर्गची १९८६ सालची झेडमोडेम पद्धत मोलाची ठरली. जिथे तुटले तिथून पुढे चालू, पहिल्यापासून पुन्हा बिल नको.

हे सारे चाले एका यादीवर. तिला नोडलिस्ट म्हणत. केंद्राचा क्रमांक, नाव, गाव, फोन, वेग. दर आठवड्याला ती नव्याने निघे आणि सगळीकडे फक्त झालेले बदल पाठवले जात. ही यादीच या जाळ्याचा प्राण. ती चुकली की काय होते? यादीत क्रमांक चुकला आणि तो एखाद्या सामान्य माणसाच्या घरचा निघाला, तर यंत्र त्या घरी मध्यरात्री फोन करी, पुन्हा करी आणि दुसऱ्या रात्री पुन्हा करी. फिडोनेटच्या पहिल्या वर्षांत असे घडले. फोन उचलणाऱ्याला फक्त शिट्टी ऐकू येई! यंत्राला माणसाची झोपमोड कळत नाही. म्हणून किती प्रयत्नांनंतर थांबायचे, ही मर्यादा माणसानेच घालावी लागते. स्वयंचलित यंत्र शहाणे नसते, आज्ञाधारक असते. आज्ञा कोण लिहितो हाच प्रश्न.

आठ तालुके आणि सात कॉल

केंद्रे वाढली तशी दुसरी अडचण आली. प्रत्येकाने प्रत्येकाला फोन लावायचा तर कॉल किती होतील? आपल्या जिल्ह्याचे उदाहरण घेऊ. धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, भूम, परंडा, वाशी हे आठ तालुके. प्रत्येक तालुक्याने प्रत्येकाशी बोलायचे तर २८ जोड्या होतात, म्हणजे रोज २८ कॉल. एक तालुका केंद्र मानला आणि बाकीच्या सातांनी त्याच्याकडे टपाल दिले-घेतले तर फक्त सात कॉल. १९८५ च्या जूनमध्ये फिडोनेटने नेमके हेच केले. जवळजवळच्या केंद्रांचे एक 'नेट', त्याचा एक 'होस्ट'. लांबच्या गावाहून एकच महागडा कॉल होस्टकडे यायचा, पुढचे वाटप स्थानिक कॉलने. पुढच्या वर्षी डॅलसच्या जेफ रशने 'इकोमेल' आणले. त्यामुळे एका फळ्यावर लिहिलेले सगळ्या फळ्यांवर उमटू लागले आणि गावोगावची चर्चा एक झाली.

होस्टला याचे पैसे मिळत नव्हते. पण होस्ट हा वेसकर नव्हता, हा फरक लक्षात घ्या. तो टपाल वाहत होता ते स्वखुशीने. त्याचा स्वतःचा शब्द त्या जाळ्यात इतरांइतक्याच हक्काने फिरत होता आणि नको झाले की तो काम सोडू शकत होता. पायपीट यंत्राकडे गेली आणि मालकी वाहणाऱ्याकडे राहिली. आपल्या गावगाड्यात याच्या बरोबर उलट होते. म्हणून आम्ही म्हणतो, हा इतिहास आपल्या कामाचा आहे.

सगळे आलबेल होते असेही नाही. फिडोनेटमध्ये समन्वयकांची उतरंड तयार झाली आणि त्यांच्यात अधिकारांवरून भांडणे पेटली. होस्टला मनात आणले तर दुसऱ्याचे टपाल वाचता येई. मध्ये मालक नसला तरी मध्ये बसणारा माणूस असतो आणि त्याच्यावर लोकांचा अंकुश लागतो. लोकशाही केवळ तारांची रचना बदलून येत नाही, हे बाबासाहेबांच्या अनुयायांना वेगळे सांगायला नको.

महाराष्ट्रात काय घडत होते?

आता आपल्याकडे या. १९८६ साली एर्नेट हा शैक्षणिक संस्थांचा प्रकल्प सुरू झाला. मुंबईच्या जुहूतील एनसीएसटी ही संस्था आणि पवईची आयआयटी यांच्यात टेलिफोनवरून ई-मेलची देवाणघेवाण सुरू झाली. पद्धत फिडोची नव्हती, युनिक्समधली यूयूसीपी होती. पण तत्त्व तेच : ठरल्या वेळी एका यंत्राने दुसऱ्याला फोन लावायचा, साठलेला गठ्ठा द्यायचा-घ्यायचा. या संस्थांच्या भिंतींच्या आत कोण होते, हे सांगायची गरज आहे का?

भिंतींच्या बाहेर हौशी लोकांनी बीबीएस काढले. मुंबईत सुचित नंदा यांचे 'लाइव्ह वायर', बंगळूरला अतुल चिटणीस यांचे 'सिक्स'. चिटणीस बेळगावात वाढले, तिथेच शिकले. पुढे 'पीसी क्वेस्ट' मासिकाच्या माध्यमातून लिनक्स घरोघर पोहोचवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. भारतातली काही बीबीएस फिडोनेटच्या आशिया विभागाला, म्हणजे सहाव्या झोनला, जोडलेली होती. आपल्याकडेही रात्र हीच टपालाची वेळ. एसटीडीचे दर रात्री उशिरा एक चतुर्थांशावर येत. त्या काळात पिवळ्या पाटीच्या बूथवर रात्री अकरानंतर रांग लागायची, हे आपल्या आई-वडिलांना विचारा. ज्या सवलतीसाठी माणसे रांगेत उभी राहत, त्याच सवलतीत मेलर काम उरकत.

पण फोन होते किती? १९९१ साली देशात सुमारे ५० लाख टेलिफोन होते आणि लोकसंख्या होती ८४ कोटींच्या वर. शंभर माणसांमागे एक फोनही नव्हता. जे होते ते शहरांत, त्यातही ठराविक वस्त्यांत. १९८४ साली सी-डॉट स्थापन झाली, तिने १२८ तारांचे ग्रामीण एक्स्चेंज बनवले, तेव्हा कुठे फोन खेड्याकडे सरकू लागला. खेड्यात आला तो आधी कुणाच्या वाड्यात आला आणि वस्तीत कधी आला, हे प्रत्येकाने आपापल्या गावात विचारून बघावे.

सरकारने स्वतःसाठी मात्र वेगळी सोय केली. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या निकनेटने उपग्रहाच्या साहाय्याने जिल्ह्याची ठिकाणे दिल्लीशी जोडली. जिल्हाधिकारी कार्यालयाचा आकडा दिल्लीला पोहोचू लागला. परंड्याच्या शेतमजुराचा अर्ज मात्र एसटीने धाराशिवला जाणार आणि तो दिवसाची मजुरी बुडवून मागे जाणार. परंड्याला बार्शी जवळ, जिल्ह्याचे ठिकाण लांब. वरून खाली हुकूम, खालून वर आकडे. पण आडवा, गावातून गावाला जाणारा रस्ता त्या जाळ्यात नव्हता. फिडोची सगळी ताकद त्या आडव्या रस्त्यात होती.

आणखी एक भिंत भाषेची. हे सगळे जाळे इंग्रजी अक्षरांसाठी घडलेले. देवनागरीसाठी सी-डॅकचे जिस्ट कार्ड निघाले, १९९१ मध्ये इस्की हे भारतीय प्रमाण ठरले. पण मराठी पत्र वाचायचे तर दोन्ही टोकांना ती सोय हवी. म्हणजे व्यवहारात इंग्रजी येणाऱ्याचाच शब्द त्या तारेवर फिरणार. आधी अक्षर नाकारले, मग फोन नाकारला, मग भाषेने दार लावले.

एवढे करूनही जे थोडे लोक हे जाळे चालवत होते, त्यांच्याही मागे दूरसंचार खाते लागले. १८८५ च्या टेलिग्राफ कायद्याने तारेवरचा एकाधिकार सरकारकडे. त्याच्या जोरावर १९९४ च्या सुमारास बीबीएस आणि ई-मेल सेवांना वर्षाला १५ लाख रुपयांच्या परवाना शुल्काची मागणी झाली. घरातल्या एका संगणकावर हौसेने फळा चालवणाऱ्याने १५ लाख कुठून आणायचे? या मागणीविरुद्ध 'फोरम फॉर राइट्स टू इलेक्ट्रॉनिक एक्स्प्रेशन' या नावाने एक मंच उभा राहिला. दिल्लीचे अरुण मेहता त्यातले एक पुढचे नाव. अभिव्यक्तीचा हक्क तारेवरही लागू आहे, हे या देशात मोठ्याने बोलणाऱ्या पहिल्या आवाजांपैकी हा एक. पुढे विदेश संचार निगमचे इंटरनेट आले, तेही आधी महानगरांत. हळूहळू घरगुती फळे बंद पडले. लोक केंद्राचे मालक होते ते सेवेचे ग्राहक झाले.

मग हा सवर्णांचा छंद होता का?

काही मित्र म्हणतील, हे सगळे फोन असलेल्यांचे, इंग्रजी येणाऱ्यांचे, शहरी सवर्णांचे खेळ होते; आपण त्याचे कौतुक का करायचे? आक्षेप रास्त आहे. आपल्याकडे हे जाळे कोणत्या वर्गाचे होते, ते वर सांगितलेच आहे. पण आक्षेप इथेच थांबला तर तो अपुरा आहे.

छापखाना तरी कुणाचा होता? मुंबई-पुण्यातली वृत्तपत्रे कुणाच्या हातात होती? 'मूकनायक' निघाला तेव्हा पैसे मोजायची तयारी असूनही 'केसरी'ने त्याची जाहिरात छापली नाही. म्हणून बाबासाहेबांनी छपाईच त्याज्य ठरवली का? ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक', ३ एप्रिल १९२७ ला 'बहिष्कृत भारत', १९३० मध्ये 'जनता', १९५६ मध्ये 'प्रबुद्ध भारत'. एक बंद पडले की दुसरे. आणि केवळ मजकूर लिहून ते थांबले नाहीत, चळवळीचा स्वतःचा छापखाना उभा केला. दुसऱ्याच्या छापखान्यात आपला मजकूर कधीही अडवला जाऊ शकतो, हे त्यामागचे शहाणपण. साधन कुणी शोधले यापेक्षा साधन कुणाच्या ताब्यात आहे, हे त्यांनी महत्त्वाचे मानले.

याच मोडेम-टपालाचा उपयोग शोषितांनी जगात केलेला आहे. दक्षिण आफ्रिकेत वर्णद्वेषी राजवट चालू असताना १९८७ साली 'वर्कनेट' सुरू झाले. कामगार संघटना आणि वर्णद्वेषाविरुद्ध लढणाऱ्या संस्था त्यावरून माहिती देत-घेत. लंडनच्या ग्रीननेट संस्थेने फिडोचे गेटवे चालवले, कॅरन बँक्स या कार्यकर्तीने ते सांभाळले. आफ्रिका आणि आशियातल्या ज्या संस्थांना इंटरनेट दिसतही नव्हते, त्यांचे टपाल त्या गेटवेतून जगात जाई. तिथले फोन काही आपल्यापेक्षा चांगले नव्हते. फरक इतकाच, की चळवळीने हे काम चळवळीचे मानले. आपल्याकडे ते छंद राहिले, कारण ज्यांना गरज होती त्यांच्या हातात तार नव्हती आणि ज्यांच्या हातात तार होती त्यांना ही गरज नव्हती.

आज तार आपल्या हातात आहे. मालकी?

आज परंडा तालुक्यातल्या वस्तीवरच्या पोराच्या खिशात तेव्हाच्या शंभर बीबीएसना पुरून उरेल असे यंत्र आहे. मराठी लिहिता येते, फोटो जातो, आवाज जातो. मग चिंता कसली?

२० मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अॅट्रॉसिटी कायद्याची धार बोथट करणारा निकाल दिला. २ एप्रिलला भारत बंद झाला. बंदचा सांगावा देशभर पसरला तो मोठ्या प्रमाणात मोबाईलवरून. आणि मोबाईल इंटरनेट बंद करण्याचे हत्यार राज्यांनी त्याच वेळी उगारले. पंजाब, राजस्थान, मध्य प्रदेशात ठिकठिकाणी ते बंद केले गेले. एका आदेशाने हजारो गट मुके झाले.

हाच आमचा मुद्दा आहे. आपण आज रात्रंदिवस निरोप वाहतो. फॉरवर्ड करतो, गट चालवतो, जयंतीची पत्रके पाठवतो, अत्याचाराची बातमी तासाभरात राज्यभर पोहोचवतो. पण गट ज्याच्या यंत्रावर आहे तो मालक परदेशात, बटण ज्याच्या हातात आहे तो अधिकारी जिल्ह्यात किंवा मंत्रालयात. आपण नेणारे आहोत, मालक नाही. खाते बंद झाले तर दहा वर्षांची छायाचित्रे, भाषणे, पत्रके गेली. फोन हरवला तर तालुक्यातल्या कार्यकर्त्यांची यादी गेली. फुकट मिळालेल्या सेवेचा अभिमान आणि वतनाच्या तुकड्याचा अभिमान यांत फार अंतर नाही.

कुणी म्हणेल, मग काय मोबाईल फेकून मोडेम आणायचे? नाही. व्हॉट्सअॅप वापरा, जरूर वापरा. पण एकट्या त्याच्या भरवशावर चळवळ ठेवू नका. फिडोच्या त्या छोट्या प्रोग्रामने शिकवलेल्या चार गोष्टी आजही तालुक्यात करता येतात.

पहिली, यादी आपली हवी. प्रत्येक गावातल्या किमान दोन माणसांची नावे आणि क्रमांक, वहीत आणि संगणकात, ठरावीक मुदतीने तपासलेले. त्या दोघांत एक बाई असावीच. यादी कुणाच्या हाती पडू द्यायची, हेही ठरलेले असावे. चुकीच्या यादीने यंत्र भरकटते, तशी चळवळही भरकटते.

दुसरी, वेळापत्रक आधी ठरलेले हवे. संकट आल्यावर कुणी कुणाला फोन लावायचा हे शोधत बसायचे नाही. इंटरनेट बंद असले तरी साधा कॉल बहुधा चालतो. आठ तालुक्यांना सात कॉल पुरतात, हे वर पाहिलेच. हेच गणित तालुक्यातून गावात आणि गावातून वस्तीत लावता येते. होस्ट आजारी पडला तर दुसरा कोण, हेही ठरलेले असावे.

तिसरी, खर्च वाटून घ्यायचा. फिडोत 'होल्ड' आणि 'पोल'ची सोय होती, ती यासाठीच. ज्याला परवडते त्याने कॉल करायचा, ज्याला परवडत नाही त्याचे टपाल अडायचे नाही.

चौथी, जपणूक आपल्याकडे हवी. पत्रके, भाषणे, मोर्च्यांची छायाचित्रे, फिर्यादींच्या प्रती महिन्यातून एकदा कंपनीच्या ढगातून खाली उतरवून आपल्या डिस्कवर, दोन वेगळ्या घरांत ठेवाव्यात. हे काम आज एक साधा प्रोग्राम रात्री आपोआप करू शकतो. तो लिहायला आपल्यातला एक पोरगा किंवा पोरगी शिकली तरी पुरे. संगणक शिकायचा तो केवळ नोकरीसाठी नव्हे, यासाठीही शिकायचा.

आमच्या मते सोयीपेक्षा हा हक्काचा प्रश्न मोठा आहे. आपल्या आजा-पणज्यांनी दुसऱ्यांचे सांगावे पायी वाहिले आणि त्यांना स्वतःचा सांगावा पाठवू दिला गेला नाही. बाबासाहेबांनी त्या वतनाची बेडी तोडायला सांगितली, ती आपण तोडली. आता हातात तार आली आहे, तर नव्या मालकांचे नवे वेसकर होऊन बसायचे नाही. आपला निरोप, आपली यादी, आपली जपणूक, आपले वेळापत्रक. संघटित व्हा, असे बाबासाहेबांनी सांगितले. दळणवळण दुसऱ्याच्या ताब्यात ठेवून कुणी संघटित होत नसते.

येत्या पंधरवड्यात आपापल्या तालुक्याची यादी करायला बसा. सुरुवात आपल्या गावापासून करा.

जय भीम! जय संविधान!